शाईची वाट

माझ्या टेबलावर आजमितीला सतरा शाईपेनं आहेत आणि शाईच्या नऊ बाटल्या. लिहिणारा माणूस एक. लिहिणं म्हणजे महिन्याकाठी दोन-तीन कविता, चार पत्रं आणि किराण्याची यादी. सतरावं पेन कुरिअरनं आलं तेव्हा बायको दारातूनच म्हणाली, "लिखने का हात एकच हय, पेनां सतरा कायकू?" आमच्या घरात दखनी बोलतात. प्रश्न बिनतोड होता. मी हसून वेळ मारून नेली, पण रात्री विचार करत बसलो की खरंच, कशासाठी? पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा कसला छंद जडला?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला बरंच मागं जावं लागलं. लांब नाही. मी वेरूळचा. वेरूळहून खुलताबाद, तिथून घाट उतरून कागजीपुरा आणि मग दौलताबादचा किल्ला, एवढाच रस्ता. मोटारीनं अर्धा-पाऊण तास लागतो. पण शाई, कागद आणि लेखणी यांचा सातशे वर्षांचा इतिहास या एवढ्या रस्त्यावर पसरलेला आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

ट्रंकेतले तीन कागद

आधी एक नुकसानीची गोष्ट सांगतो. १९९० च्या सुमारास मी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बी. ए.ला होतो. कविता लिहायला नुकती सुरुवात झाली होती. दोनशे पानी दोन वह्या भरल्या होत्या, सगळ्या निळ्याशार शाईनं. सुट्टीत त्या वेरूळच्या घरी आणून ट्रंकेत ठेवल्या. त्या पावसाळ्यात घराचा पत्रा गळला आणि ट्रंकेत पाणी शिरलं. आम्हाला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता.

वह्या उन्हात वाळवून उघडल्या. कागद शाबूत होता, रेघा शाबूत होत्या, अक्षरं मात्र नव्हती. प्रत्येक पानावर आभाळासारखा एक फिकट निळा डाग तेवढा होता. दोन वर्षांच्या कविता गेल्या. त्यातल्या पाच-सहा पाठ होत्या, तेवढ्याच वाचल्या.

त्याच ट्रंकेत वडिलांची एक उर्दू रोजनिशी होती. तीही भिजली होती. पानं एकमेकांना चिकटली होती, पण अक्षर जागच्या जागी होतं, थोडं करडं पडलेलं. आणि पत्र्याच्या एका नळकांड्यात, त्यामुळे कोरडा राहिलेला, आजोबांच्या वेळचा एक मोडी कागद होता. तो कागद जुना, कडा झिजलेल्या. पण शाई अशी काळीभोर की काल लिहिलंय असं वाटावं.

तीन पिढ्या, तीन लिप्या आणि तीन शाया. त्यातली सगळ्यात नवी शाई सगळ्यात आधी गेली. हे असं का, हा प्रश्न मनात राहून गेला. पुढं नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं यात तीस वर्षं गेली. प्रश्न तिथंच होता.

दोन पेनांचा माणूस

माझे वडील खुलताबादच्या तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालं, उर्दूत. त्या राज्याचा सरकारी कारभार उर्दूतच चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढं मराठवाडा आधी मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि कचेरीची भाषा मराठी झाली. बोलायला मराठी त्यांना येतच होती. वेरूळच्या माणसाला ती शिकावी लागत नाही. लिहायला मात्र बाळबोध अक्षरं त्यांनी पंचविशीनंतर गिरवली, शेजारच्या मास्तरांच्या मुलांबरोबर, कित्त्यावरून.

त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं असत. लहानपणी मला वाटे, एक जास्तीचं असावं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बेटा, एक उर्दूचं आहे, एक मराठीचं." मला ती गंमत वाटली. आता स्वतः पेनं वापरू लागल्यावर कळतं की ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. शाईपेनाची निब कागदावर घासून हळूहळू झिजते आणि लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण घेते. उजवीकडून डावीकडे वर्षानुवर्षं चाललेली निब उलट दिशेनं चालवली की करकरते. म्हणून जुनी माणसं आपलं पेन दुसऱ्याला लिहायला देत नसत. वडिलांनी भाषा दोन ठेवल्या, तशा निबाही दोन ठेवल्या. सही मात्र शेवटपर्यंत उर्दूत केली आणि अर्ज शेवटपर्यंत सुरेख मराठीत लिहिले.

ते गेल्यावर ती दोन्ही पेनं माझ्याकडे आली. तीस वर्षांनी एक दिवस मी ती कोमट पाण्यात भिजत घातली. दोन दिवस पाण्यात निळा-काळा धूर निघत राहिला. तिसऱ्या दिवशी शाई भरली आणि मराठीचं पेन पहिल्याच रेघेला चाललं. छंद म्हणतात तो इथून लागला.

देवगिरी ते वेरूळ

आता त्या रस्त्याकडे येतो. दौलताबाद म्हणजे जुनं देवगिरी, यादवांची राजधानी. तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित होता. त्यालाच आपण हेमाडपंत म्हणतो. मोडी लिपी त्यानं रूढ केली असं परंपरा मानते. मोडीचं वैशिष्ट्य असं की हात फारसा उचलावा लागत नाही. आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत सुटायचं. राज्यकारभाराला लागणारी ही घाईची लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलूख हिशेब, करार, पत्रं या लिपीत लिहीत होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आजही आहेत आणि ते सहज वाचू शकणारी माणसं फार थोडी आहेत.

याच किल्ल्यावर सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि पैठणचे एकनाथ त्यांच्यापाशी राहून हिशेब लिहीत. एका पैच्या चुकीसाठी नाथांनी रात्र जागून काढली आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. कथा गुरुभक्तीची म्हणून सांगतात. मला ती लेखनाचीही वाटते. कारण याच नाथांनी पुढं शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलाकारांच्या हातून शिरलेल्या चुका शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. पै शोधणारी नजर ओवीपर्यंत पोहोचली.

मुहंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि गावाचं नाव दौलताबाद झालं. शाळेच्या पुस्तकात ही वेडेपणाची गोष्ट म्हणून येते. पण राजधानी येते तेव्हा नुसता बादशहा येत नाही. कारकून येतात, कवी येतात, सूफी येतात, आणि एवढ्या सगळ्यांना लिहायला कागद लागतो. किल्ल्याजवळचं कागजीपुरा हे गाव त्या काळात वसलं असं सांगतात. नावच कागदाचं. चिंध्या, जुने दोर, तरटं कुटून त्याचा लगदा करायचा, पाण्याच्या हौदात गवताच्या चाळणीवर तो उचलायचा, पानं भिंतीवर वाळवायची, मग त्यांना खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचं. पेशवाईच्या काळात जुन्नरी कागदाबरोबर दौलताबादी कागदाचंही नाव होतं. गिरणीचा कागद आल्यावर धंदा बसत गेला. आज तिथं हातकागद करणारी मोजकीच मंडळी उरली आहेत.

घाट चढून वर आलं की खुलताबाद. इथं दर्गे इतके की मोजता येत नाहीत. दिल्लीहून आलेल्या त्या लोंढ्यात अमीर हसन सिज्जी नावाचा एक कवी होता. तो फारसीत लिहायचा, अमीर खुसरोचा मित्र. हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत बसून त्यांचं बोलणं तो टिपून ठेवी. १३०८ ते १३२२ या काळातल्या त्या टिपणांचं 'फवाइदुल फुआद' हे पुस्तक झालं आणि बोललेलं लिहून ठेवण्याची एक रीतच हिंदुस्थानातल्या सूफींमध्ये पडली. त्या पुस्तकात एक सुंदर प्रसंग आहे. हसननं टिपणं दाखवली तेव्हा काही ठिकाणी जागा कोरी सोडलेली होती. शेखांनी कारण विचारलं. हसन म्हणाला, पुढचे शब्द मला नीट कळले नव्हते. शेखांनी ते शब्द सांगितले. न कळलेलं मनानं भरून काढायचं नाही, जागा कोरी ठेवायची, हा लेखनातला केवढा मोठा प्रामाणिकपणा! हा हसन खुलताबादेत दफन आहे. त्याच्यामागून बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या शिष्यांनी इथं आपल्या गुरूंची वचनं अशीच लिहून काढली. आज माझं बोलणं छापून येतंय, तेव्हा त्या सगळ्यांची आठवण होणं साहजिक आहे.

आणि शेवटी माझं वेरूळ. जग इथं लेणी पाहायला येतं, आणि भोसल्यांचं गाव म्हणून येतं. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे वेरूळचे. त्यांचे गुरू म्हणून परंपरा ज्यांचं नाव घेते ते शेख महंमद. श्रीगोंद्याला त्यांचा मठ आहे. 'योगसंग्राम' हा त्यांचा मराठी ग्रंथ सतराव्या शतकातला. मला सभा-संमेलनांत अजूनही कधीकधी विचारतात, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी म्हणतो, आमच्या गावच्या मालोजीराजांना विचारा. शेख महंमदांच्या हातातला बोरू मराठीच लिहीत होता.

शाईचं स्वयंपाकघर

ट्रंकेतल्या त्या तीन शायांचं गूढ मी पेनांच्या नादात उलगडत गेलो. ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांच्या घरी जुने कागद असतील.

आजोबांच्या कागदावरची काळी शाई काजळीची. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर भांडं उपडं धरून काजळी जमवायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दिवसच्या दिवस खलायची. काही कृतींत माक्याचा रसही पडतो. ही शाई उन्हानं उडत नाही, हवेनं बदलत नाही, कारण काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. त्याचं आणखी काय व्हायचं? पण तिला एक भीती असते, पाण्याची. ती कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधारानं वर बसते. पाणी लागलं की सुटते. म्हणूनच जुन्या पोथ्यांचे नकलाकार शेवटी वाचणाऱ्याला विनवत, की हिला तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधू नकोस. आमचा मोडी कागद वाचला तो शाईमुळे अर्धा आणि पत्र्याच्या नळकांड्यामुळे अर्धा.

वडिलांच्या रोजनिशीतली शाई निळी-काळी, जिला आपण ब्ल्यू-ब्लॅक म्हणायचो. जुन्या पद्धतीच्या ब्ल्यू-ब्लॅक शाईचं तत्त्व फार पुराणं आहे. हिरडा किंवा मायफळ, तेच मायफळ जे आपण बाळगुटीत उगाळतो, त्याचा तुरट अर्क घ्यायचा आणि त्यात हिराकस घालायची. लोखंड आणि तुरटपणा यांचा संयोग होतो. लिहिताना ही शाई फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडत जाते. ती कागदाच्या तंतूंत शिरते, म्हणून पाण्याला दाद देत नाही. पण तिच्यात आम्ल असतं. जास्त तिखट शाई असेल तर शे-दोनशे वर्षांत ती कागदच खाते. अक्षरांच्या जागी भोकं पडतात. युरोपातल्या कितीतरी जुन्या हस्तलिखितांची आज तीच काळजी आहे.

आणि माझ्या वह्यांतली निळीशार शाई? ती धुता येणारी. शाळेतल्या मुलांचे सदरे खराब होऊ नयेत म्हणून बनवलेला, पाण्यात विरघळणारा रंग. सदरे वाचवणारी ती शाई कविता कशा वाचवणार? दोष शाईचा नव्हता. तिच्यावर मी भलतंच काम सोपवलं होतं.

बोरू, टाक, पेन

शाई आत साठवणारं पेन ही कल्पना पश्चिमेची आणि अलीकडची, असं आपण समजतो. दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य करणारा फातिमी खलिफा अल-मुइज यानं असं पेन मागितल्याची हकीकत त्याच्या दरबारातले काझी अल-नुमान यांनी लिहून ठेवली आहे. दौतीत बुडवावं न लागणारं, शाई पोटात बाळगणारं, बाहीत ठेवलं तरी न गळणारं पेन हवं, अशी मागणी. कारागिरानं ते सोन्यात घडवून दिलं. पुढं ते कुठं गेलं, ठाऊक नाही. त्यानंतर १८२७ साली पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्यानं पॅरिसमध्ये अशा पेनाचं पेटंट घेतलं आणि १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं खऱ्या अर्थानं वापरता येईल असं पेन बाजारात आणलं. त्याची युक्ती साधी होती. निबेखालच्या जिभेला बारीक खाचा पाडल्या. शाई जेवढी खाली उतरेल तेवढी हवा वर जाईल. हवेची वाट मोकळी झाल्यावर गळणं थांबलं.

आपल्याकडे तोवर बोरूचं राज्य. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, त्यात अक्षर कसं वाटोळं असावं, ओळींत अंतर किती, शाई कशी, बोरू कसे तासावेत हे सगळं येतं. 'बोरूबहाद्दर' हा शब्द आपण कारकुनाला हिणवायला वापरतो, पण बोरू तासणं हे खरंच बहाद्दरीचं काम आहे. देवनागरीसाठी त्याचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, रोमन अक्षरांचा काप त्याच्या उलट असतो. म्हणून महागडी विलायती चपट्या टोकाची निब घेतली तरी तिच्यातून आपलं वळण नीट उतरत नाही. इंग्रजी अमदानीत टाक आला आणि मोडीचं रूपच बदललं. बोरूची जाड-बारीक लय गेली, एकसारखी रेघ आली. आपल्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली, तीही टाकानंच.

मग स्वदेशीचा काळ आला. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईच्या पुडी आणि वड्या बनवायला सुरुवात केली, 'हॉर्स ब्रँड' नावानं. पुढं त्यांची 'कॅमल' शाई घरोघरी पोहोचली. तोच कॅमलिन. मराठी माणसाचा हा उद्योग २०११ पासून जपानी कोकुयो कंपनीबरोबर आहे. आंध्रात राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी देशी पेन घडवलं; ते कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचलं आणि विदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे असं गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना कळवलं. बंगालमध्ये १९३४ साली 'सुलेखा' शाई निघाली. शाईची बाटली हीसुद्धा स्वातंत्र्याच्या लढ्यातली एक वस्तू होती, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

माझ्या पिढीनं या सगळ्याचा शेवट पाहिला. पाटीवरून पेन्सिल, आणि पाचवीत गेल्यावर शाईपेन. ते हातात आलं की मोठं झाल्यासारखं वाटे. बोटांना शाई, खिशाला डाग, बाकावर थेंब. पेन चालेना की झटकायचं, मग पुढच्याच्या सदऱ्यावर नक्षी आणि मास्तरांची छडी. मित्राकडून शाई उसनी घ्यायची ती थेंब मोजून, आणि फेडायची तीही थेंब मोजून. मास्तर बॉलपेनला हात लावू देत नसत. म्हणत, अक्षर बिघडतं. पण बॉलपेन स्वस्त होतं, गळत नव्हतं. दहावीला आम्ही सगळेच तिकडे गेलो.

नव्याची गोडी

मला वाटलं होतं, शाईपेन संपलं. शोध घेतला तर निराळंच चित्र. तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरला रंगा पेनं अजून एबोनाइटच्या कांडीतून लेथवर हातानं घडतात. पुण्यात फॉस्फर नावानं सुरेख पेनं बनतात. कानपूरला निबा तयार होतात. केरळातून 'कृष्णा' शाया येतात आणि बंद पडलेल्या सुलेखानं २०२० साली पुन्हा शाईच्या बाटल्या भरल्या. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांना तर शंभर वर्षं उलटून गेली.

नवीन शाईची बाटली उघडण्यात काय सुख आहे, हे सांगणं अवघड आहे. टोपण फिरवताना येणारा तो किंचित औषधी वास. ड्रॉपरनं पेनाच्या नळीत शाई सोडताना श्वास रोखून धरणं. पहिली रेघ. काही शाया ओल्या असताना एक रंग दाखवतात आणि वाळल्यावर दुसरा. एक हिरवी शाई आहे, तिच्या दाट रेघेला उन्हात तांबूस चमक येते, मोराच्या पिसासारखी. एकाच अक्षरात सुरुवात फिकी आणि शेवट गडद, असंही होतं. 'क'चं पोट बघत बसावं. आणि निब कागदावर चालताना होणारा तो आवाज, कोरड्या पानावरून मुंगी चालल्यासारखा. एवढ्या हळू आवाजात काही ऐकायची आपली सवय गेली आहे.

शाईपेन मला सावकाश लिहायला लावतं, हा त्याचा मोठा गुण. घाई केली की शाई तुटते. कवितेला ही शिस्त मानवते.

छंद म्हटला की प्रयोग आलेच. कागजीपुऱ्याहून हातकागद आणला आणि त्यावर हौसेनं लिहिलं, तर शाई फुटली. प्रत्येक अक्षराला मिशा आल्या. मग जुन्या कागदींची आठवण झाली. भाताची पातळ पेज फडक्यानं कागदाला लावली, वाळवली आणि कवडीनं तासभर घोटली. बायको म्हणाली, "इत्ती मेहनत चपात्यां में करते तो." पण त्यावर लिहिलं तेव्हा रेघ तलवारीच्या पात्यासारखी उतरली. दौलताबादी कागदाचं नाव उगाच झालं नव्हतं.

दुसरा प्रयोग बादलीचा. पाच कागदांवर पाच शायांनी एकच ओळ लिहिली, दोन दिवस वाळू दिली आणि अर्धा तास पाण्यात बुडवली. धुता येणारी निळी साफ गेली. लालही गेली. निळ्या-काळीतला निळा गेला, खाली करडी रेघ राहिली. अगदी वडिलांच्या रोजनिशीसारखी. घरी केलेली काजळीची शाई बोट लावताच पसरली. पाचवी अलीकडची, अतिसूक्ष्म कणांची काळी. ती जशीच्या तशी. म्हणजे आजोबांच्याच काजळीची ही नात, फक्त कण इतके बारीक की पेनात अडकत नाहीत आणि कागदात रुजतात. तरी ती पेनात वाळू द्यायची नाही, आठवड्याला पेन धुवायचं. साधी घरची काजळी मात्र पेनात कधी भरू नये. जीभ कायमची चोंदते.

आणि तो मोडी कागद

आमच्या घरात तो कागद जमिनीचा म्हणून दोन पिढ्या जपला गेला होता. वडील म्हणत, त्यात आपल्या विहिरीचा हिस्सा आहे. भावकीत एकदा त्यावरून अबोलाही झाला. अखेर गेल्या वर्षी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि हसू आवरत म्हणाले, "मियाँ, ही म्हैस विकत घेतल्याची पावती आहे." मी घरी येऊन सांगितलं. सगळे पोट धरून हसलो. मग हसता हसता मी गप्प झालो. शाई टिकली होती, कागद टिकला होता. वाचणारा टिकला नव्हता.

वडिलांच्या रोजनिशीचंही तसंच. कुराण वाचता येण्याइतकी अक्षरओळख मला आहे, छापील उर्दूही वाचतो. पण कचेरीतली ती घसीट, शिकस्ता वळणाची उर्दू मला अर्धीच लागते. माझी मुलं मोबाइलवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. मी त्यांना दोष देत नाही. आजोबांची मोडी वडिलांनी सोडली, वडिलांची उर्दू मी अर्धी सोडली. मुलांनी एक पाऊल पुढं टाकलं इतकंच. पण माझ्या नातवानं माझी वही नळकांड्यातून काढली, तर ती त्याला म्हशीची पावती वाटू नये, एवढी इच्छा आहे.

म्हणून सध्या एक काम घेतलं आहे. रोज रात्री रोजनिशीचं एक पान घेऊन बसतो. वडिलांचं उर्दूचं पेन शेजारी ठेवतो, त्यांच्या मराठीच्या पेनात ती न धुतली जाणारी काळी शाई भरतो आणि जेवढं लागतं तेवढं मराठीत उतरवतो. जो शब्द लागत नाही तिथं जागा कोरी ठेवतो. खुलताबादच्या हसनकडून एवढं शिकलो. परवा एक पान लागलं. वडिलांनी लिहिलं होतं की आज पहिल्यांदा अर्ज मराठीत लिहिला, साहेबांनी दोन चुका काढल्या, पण अक्षर चांगलं आहे म्हणाले.

ते पान मी बायकोला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वो कोरी जगा में क्या हय, मामू को पूछो. उनको पुरानी उर्दू आती." मामूंचं वय अठ्ठ्याऐंशी आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. सोबत एक पेनही नेणार आहे, त्यांच्यासाठी. सतराची सोळा होतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)